प्रेमिलाची हवाबंद खोली

३ एप्रिल १९८३, रविवार

प्रेमिलाचं पहिलं बाळंतपण आपल्याकडे. ठरलं एकदाचं.

विहीणबाई सिंधूताई आणि जावई गोविंदा सकाळच्या एस.टी.ने चंद्रपूरहून आले. जेवणं झाली. सुपारी कातरता कातरता सिंधूताईंनी मुद्दा काढला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे त्यांना कबूल. पण दिवस भरतात मेच्या शेवटी, ऐन नवतपात, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत. तुमचं घर स्लॅबचं, वरून तापते, पोरगी भाजून निघन, आमच्या क्वार्टरमंधी दोन कूलर हायेत, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, कूलर आमच्याकडेही आहे. तर म्हणाल्या, तो गळते. हे प्रेमिलाने सांगितलं असणार. मुलींची लग्नं झाली की घरातलं घरात राहत नाही.

मी सांगून टाकलं, मे उजाडायच्या आत मधली खोली चिखलदऱ्यासारखी करून दाखवतो. शेवटी तडजोड झाली. प्रेमिला एक मेला येईल. तिला खोली मानवली तर राहील, नाही मानवली तर सिंधूताई येऊन घेऊन जातील. मानवणारच, प्रश्न नाही.

 माझ्या बायकोची, कांताची, आई लवकर गेली, त्यामुळे तिचं बाळंतपण सासरी झालं, माझ्या आईच्या हाताखाली. आई जरा कडकच होती. त्याबद्दल कांता कधी बोलत नाही. पण पाहुणे गेल्यावर तिने ट्रंकेतून जुनी मऊ लुगडी काढली आणि दुपट्यांसाठी फाडायला बसली. संध्याकाळी गुणगुणत होती. फार दिवसांनी ऐकलं.

संकल्प: कूलरची गळती मी स्वतः बंद करणार. मिस्त्री नाही.

५ एप्रिल, मंगळवार

कांताचं म्हणणं, मिस्त्रीले बोलवा ना, एका दिवसात करून जाते तो. मी समजावलं. मी पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क आहे. धरणातून पाणी कुठे झिरपतं, का झिरपतं, त्यावर काय कारवाई झाली, याच्या फायली माझ्याच टेबलावरून जातात. ज्याच्या सहीशिवाय धरणाचं पाणी पुढे सरकत नाही त्याने पत्र्याच्या टाकीसाठी माणूस बोलवायचा? (सही साहेबांची असते. पण टिपण माझं असतं.)

कूलर गच्चीवरून खाली उतरवला. शेजारचे वामनराव मदतीला आले. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत, तेव्हापासून दुसऱ्यांच्या कामात फुलटाइम आहेत. अर्ध्या जिन्यात त्यांनी सल्ला द्यायला हात सोडला. माझ्या कमरेत उसण भरली. आज एवढंच.

६ एप्रिल

कंबर.

८ एप्रिल, शुक्रवार

टाकीत पाणी भरून तपासणी केली. तळाच्या पत्र्याच्या जोडातून गळतं. जोड टाकीभर आहे.

मी खाली वाकून निरीक्षण करत होतो तेवढ्यात कांता कपडे धुता धुता उठली, हातातली साबणाची वडी आतून जोडावर खसाखसा घासली आणि पुन्हा जाऊन बसली. गळती थांबली.

मला हे आवडलं नाही. साबण हा इलाज नव्हे. त्याला शास्त्रीय आधार नाही. मी तो सगळा पुसून काढला. गळती पूर्ववत सुरू झाली. आता पद्धतशीर काम करता येईल.

१० एप्रिल, रविवार

इतवारीत हार्डवेअरवाल्याकडे गेलो. फट बुजवायला काहीतरी चांगलं द्या म्हणालो. त्याने उलटतपासणी सुरू केली. किस चीज की फट? कितनी चौड़ी? पानी लगेगा क्या? हिलता है क्या? मी म्हणालो, भाऊ, फट ती फट. त्याच्या मागच्या फळीवर लांबी होती, पांढरं सिमेंट होतं, डांबर होतं, दोन रंगांची मळायची पुट्टी होती, कसलंसं मेण होतं. माणूस गोंधळवून माल खपवायची ही पद्धत मी ओळखून आहे.

लांबी घेतली. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल, म्हणजे आपल्याच मातीतला माल. तो म्हणाला, ये तो काँच बिठाने का है, सूखने में टाइम लगेगा. मला ठाऊक आहे म्हणालो. ठाऊक नव्हतं, पण आता झालं ना ठाऊक.

लागेल म्हणून जरा जास्तच घेतली.

११ एप्रिल, सोमवार

ऑफिसातून आल्यावर लांबी भरली. पोळीच्या कणकेसारखी मऊ. बोटाने दाबत गेलो की सरळ बसते. हे काम मला जमतं. सुतारकीत गेलो असतो तर नाव काढलं असतं.

लगेच टाकी भरून ठेवली, म्हणजे लांबीला पाण्याची सवय होईल.

१२ एप्रिल

लांबी पाण्यात सुटली. गोळे तरंगत होते. एक पंपात गेला. पंप बंद.

चूक मालाची आहे.

१४ एप्रिल, गुरुवार

बाबासाहेबांची जयंती. आज काम करणं योग्य नाही. कांतासोबत दीक्षाभूमीवर जाऊन आलो. येताना तिने विचारलं, कूलरचं कसं काय. मी म्हणालो, अभ्यास सुरू आहे. ती म्हणाली, पोरगी येऊन राहिली, अभ्यास कायले करता, परीक्षाच जवळ आली. मी म्हणालो, उन्हात बोलू नये, घसा कोरडा पडतो.

१७ एप्रिल, रविवार

पांढरं सिमेंट. याला कुणी नावं ठेवणार नाही. फरशा बसतात त्याने. जोडावर जाड थर दिला, दोन दिवसांसाठी ओली पोती टाकून ठेवली. दिसायला इतका सुंदर की कांतालाही बोलावून दाखवला. ती म्हणाली, चांगलं दिसून राहिलं. आणि भांडी घासायला गेली. कौतुक करायला माणसाला मन लागतं.

१९ एप्रिल, मंगळवार

पंखा सुरू केला. कूलर थरथरला. पांढरं सिमेंट चिरलं. आधी एक बारीक रेघ, मग सगळीकडे.

दुकानदार हिलता है क्या असं विचारत होता ते बहुतेक यासाठी. मग स्पष्ट सांगायचं ना. कोड्यात कशाला बोलायचं.

फार थकलो. पत्रा खरवडून सिमेंट काढायला सिमेंट लावण्याच्या चौपट वेळ लागतो.

२१ एप्रिल, गुरुवार

दोन रंगांची मळायची पुट्टी आणली. एक कांडी काळी, एक पांढरी. सारखी सारखी घेऊन मळायची, मग दगडासारखी होते, पाण्याखालीही धरते. वेष्टनावर लिहिलंय, थोडी थोडी घ्या. ही सूचना नवशिक्यांसाठी असावी. सगळी एकदम मळली.

मळून तयार झाली तोच वामनराव आले. मिस्त्री काहून नाई बोलवत गा भैय्याजी, असं विचारू लागले. त्यांना झिरपा म्हणजे काय, बांधाच्या पोटात चिकणमातीचा पडदा का घालतात, हे नीट समजावून सांगितलं. अशी चर्चा हल्ली होत नाही. ते घाईघाईने उठून गेले तेव्हा पाहिलं, पुट्टी मुठीतच पक्की झाली होती. कांताने तेल लावून लावून बोटं सोडवली.

गोळा फार टणक आहे. बोटांचे ठसे स्पष्ट. ऑफिसात पेपरवेट म्हणून नेतो.

२४ एप्रिल, रविवार

डांबर. हे पहिल्यापासून माझ्या मनात होतं.

नागपुरात सगळे कूलरच्या टाकीला डांबरच लावतात, असं कांता म्हणाली. वामनराव म्हणाले. दूधवाला म्हणाला. मग आधी का नाही सांगितलं? म्हणे सांगितलं होतं. मला आठवत नाही.

सिगडीवर वितळवलं. त्यासाठी एक पातेलं घेतलं, दुधाचं निघालं. काळं झाल्यावर सगळी पातेली सारखीच दिसतात, पण कांताला ते पातेलं आतून माहीत होतं. रेशनचं सगळं रॉकेल ते घासण्यात गेलं. पातेलं आता बाहेर मोरीजवळ असतं. कांताचं बोलणं जरा कमी झालंय.

२६ एप्रिल

डांबर टाकीच्या बाहेरून सुटलं. धिरडं सुटतं तसं अख्खं. पत्रा ओला होता, गंजही होता, तो आधी घासायचा असतो म्हणे. पुन्हा लावलं. या वेळी टाकी उन्हात तापवून, घासून. अंगावर, कपड्यांवर, दाराच्या कडीवर, सगळीकडे डांबर.

मी चौपन्न वर्षांचा आहे. हे वय गंज घासायचं नाही.

२८ एप्रिल, गुरुवार

यश! टाकी गळत नाही!

काल संध्याकाळपासून भरून ठेवली, खाली जमीन कोरडी. कूलर मधल्या खोलीच्या खिडकीत बसवला, पंखा लावला, लांबी उकरून काढलेला पंप लावला, खसच्या म्हणजे वाळ्याच्या ताट्या ओल्या झाल्या, गार वारा आला. कांता समोर उभी राहिली, डोळे मिटून. मी म्हणालो, बघ, शास्त्र. ती हो म्हणाली.

पाण्यावर थोडा फेस येतो. डांबराचा गुण असावा.

२९ एप्रिल, शुक्रवार

ऑफिसात बसल्या बसल्या विचार आला. टाकीची गळती बंद केली, पण थंडाव्याच्या गळतीचं काय? कूलर आत वारा फेकतो. तो वारा दुसऱ्या खिडकीच्या फटीतून, झरोक्यातून, दाराखालून निघून जातो. म्हणजे आपण अख्ख्या ले-आउटला, सगळ्या वसाहतीला गार करतोय. घरचं गार पाणी रस्त्यावर ओतावं तसं. मला आश्चर्य वाटतं, हे आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. लोक तर उलट कूलर लावून समोरची खिडकी उघडी ठेवतात!

एक लांबीचा डबा अख्खा उरलाय. योगच म्हणायचा.

३० एप्रिल, शनिवार

खोली हवाबंद केली. दुसऱ्या खिडकीची दारं लावून चारही बाजूंनी लांबी, बिजागऱ्यांवरून सुद्धा. कूलर आणि चौकट यांच्यामध्ये सुतळी ठोकून वर लांबी. झरोक्याला पुठ्ठा आणि लांबी. दाराला सायकलच्या ट्यूबची पट्टी, खाली गोणपाट. आत उभं राहून काडी पेटवली, ज्योत हललीसुद्धा नाही.

वामनराव खिडकीबाहेरून म्हणाले, हवा निघाले जागा ठेवा गा, नाही तर दमट होऊन गदगद होते. मी हसलो. त्यांच्याकडे कूलर आहे, पण खोली नाही अशी. म्हणजे खोली आहे, पण फटींसकट. माणसाला मत्सर कुठेही सुचतो.

१ मे, रविवार

प्रेमिला आली. बरीच थकलेली दिसली. गोविंदा सोबत होता, तो संध्याकाळी परत गेला. खोलीत पाऊल ठेवताच तिला डांबराच्या वासाने मळमळलं. या दिवसांत बायकांना कशानेही मळमळतं.

कूलर लावला. दार लावून घेतलं. पहिला अर्धा तास सगळे खूश. प्रेमिला म्हणाली, बाबा, खरंच थंड वाटून राहिलं.   कांता तिच्या पायाला तेल लावत बसली होती.

४ मे, बुधवार

खोलीत थोडा दमटपणा आहे. दमटपणा म्हणजेच थंडावा, हे मी दोघींना सांगितलं. कांताने महिनाभर उन्हात वाळवलेले पापड त्या खोलीत डब्यात ठेवले होते, ते सादळले. चादर जड लागते. काडीपेटी पेटत नाही. भिंतींनाही घाम येतो. हे लिहितानासुद्धा पान मऊ लागतंय आणि शाई फुटतेय.

चिखलदऱ्याला असंच असतं. धुकं.

७ मे, शनिवार

प्रेमिलाला घामोळ्या. पाठभर. ती म्हणते, अंगावर ओलं पोतं टाकून झोपल्यासारखं वाटते. मी विचारलं, पण गरम तर होत नाही ना? ती म्हणाली, तेही होते.

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. घाम वाळत नाही, पोरीला मोकळी हवा पाहिजे, म्हणाल्या. त्यांना कूलरचं तंत्र माहीत असण्याचं कारण नाही.

८ मे

प्रेमिलाची खाट कांताने व्हरांड्यात टाकली. मला न विचारता.

१० मे, मंगळवार

दुपारी ऑफिसातून लवकर आलो. घरात कुणी नाही. दोघी वामनरावांकडे होत्या. त्यांच्या कूलरपुढे प्रेमिला गाढ झोपली होती. समोरची खिडकी उघडी. पडदा बाहेर उडत होता. वामनरावांची बायको शोभाताई तिच्या पायाशी बसून आवाज न होऊ देता भाजी निवडत होत्या.

मी दारातूनच परत आलो. झोपेत पोरगी फार लहान दिसते.

संध्याकाळी कांता म्हणाली, खिडकी उघडा. बस, एवढी एक खिडकी उघडा. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. रविवारी उघडतो म्हणालो.

१२ मे

आजच प्रयत्न केला, कुणी नसताना. लांबी पाण्याखाली वाळली नाही, पण इथे उन्हाने दगड झालीये. चाकू वाकला. पटाशीने लाकडाचा तुकडा निघाला, लांबी तशीच. बिजागरी तर आता दिसतही नाही. दर्जेदार माल आहे, दुकानदाराबद्दल माझा गैरसमज झाला होता.

मिस्त्रीला बोलावलं तर एका दिवसात उघडेल. पण तो विचारणार, हे कोणी केलं. मग ले-आउटभर होईल.

रविवारी नक्की.

१५ मे, रविवार

सिंधूताई आल्या. कुणी कळवलं नव्हतं म्हणतात, सहज आल्या. खोलीत गेल्या, लगेच बाहेर आल्या, पदराने मान पुसली.  प्रेमिलाच्या पाठीवरचा पदर बाजूला करून घामोळ्या पाहिल्या आणि कांताला म्हणाल्या, मी हिले नेतो बाई, तुमी पण चाला, तुमच्याशिवाय तिले करमणार नाई.

कांता लेकीच्या सासरी पाहुणी म्हणून जाऊन तिचं बाळंतपण करणार. तिने दुपटी घडी घालून पिशवीत भरली. मी म्हणालो, आठ दिवस थांबा, खिडकी उघडून देतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चहाची भांडी विसळायला गेली. निघताना प्रेमिला पाया पडायला वाकू लागली, मी वाकू दिलं नाही. ती म्हणाली, बाबा, तुमी मनाले लावून घेऊ नका. मी म्हणालो, छे.

चंद्रपूर नागपूरपेक्षा जास्त तापतं. त्यांना पश्चात्ताप होईल.

१७ मे

पोळ्या जमत नाहीत. भात जमतो.

१९ मे, गुरुवार

वामनरावांकडे चंद्रपूरचा ट्रंककॉल आला होता. मी ऑफिसात होतो. प्रेमिला बरी आहे, घामोळ्या गेल्या. बाहेर अंगणात झोपतात म्हणे सगळ्या. दोन दोन कूलर असून अंगणात! यावरून काय ते समजावं.

२२ मे, रविवार

टाकी पुन्हा गळायला लागली. कांता गेल्यापासून पाण्यावर फेसही येत नाही. डांबराचा आणखी एक हात दिला. या वेळी काळजीपूर्वक, हातानेच, ब्रश न वापरता, म्हणजे जोडाच्या आतपर्यंत जातं.

सुट्टीच्या दिवशी बोलायला कुणी नसलं की दुपार संपता संपत नाही.

२५ मे, बुधवार

नवतपा लागला. ऑफिसातून येताना सायकलचं हँडल धरवत नव्हतं.

मी विचार केला आहे. खोलीत तिघं असल्यामुळे दमट होत होतं. श्वास. एका माणसासाठी खोली आदर्श आहे. प्रयोग अर्धवट सोडण्यात अर्थ नाही.

२६ मे, गुरुवार, दुपारी साडेबारा

बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात वंदना झाली, खीर खाल्ली. सगळ्यांनी कांताबद्दल विचारलं. उन्हातून घरी आलो, खोलीत शिरून दार लावलं, ट्यूबची पट्टी बसली की नाही पाहिलं, कूलर फुल्ल स्पीडवर.

शांतता. पंख्याचा घोंगावणारा आवाज, त्याखेरीज काही नाही. गल्लीतली पोरं नाहीत, लाउडस्पीकर नाही, वामनराव नाहीत. गदगदतं थोडं, पण सवय होते. जगापासून माणूस इतका वेगळा होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. हेच मला प्रेमिलाला द्यायचं होतं. कुणी समजून घेतलं नाही.

आता झोपतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

पाच वाजता बाहेर आलो. गल्लीत बायका घोळक्याने उभ्या. शोभाताई हातात वाटी घेऊन म्हणाल्या, उठले बाप्पा आजोबा! मला काही समजेना. वाटीत एक पेढा होता. एकच.

दुपारी एकच्या सुमारास चंद्रपूरहून ट्रंककॉल आला. मुलगी झाली. प्रेमिला सुखरूप, बाळ सुखरूप, दिवस पौर्णिमेचा. वामनराव तसेच अनवाणी धावत आले. दार वाजवलं, कडी आपटली, खिडकीवर काठी मारली, भैय्याजी भैय्याजी म्हणून ओरडले. गल्लीतले सगळे गोळा झाले, सगळ्यांनी मिळून हाका मारल्या. आत मी. शेवटी त्यांना वाटलं, हा मागच्या दारानं कुठं बाहेर गेला, कूलर बंद करायचं विसरला. आणि गोड बातमी तोंडात किती वेळ धरून ठेवायची, म्हणून वामनरावांनीच पेढे आणून वाटले. समोरच्या घरी, मागच्या घरी, दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला. माझ्या नातीचे पेढे सगळ्या ले-आउटने खाल्ले, मग मला कळलं.

वामनराव चिडवणार असं वाटलं होतं. नाही चिडवलं. माझा खांदा दाबून नुसतं म्हणाले, लय हाका मारल्या गा. त्याने मला फार लाज वाटली.

कांताचा निरोप होता. लगेच निघून या. आणि रिकाम्या हातानं या. वामनरावांना वाटलं, लाइन खराब आहे. बाळ पाहायला कुणी रिकाम्या हाताने जात नाही, झबलं नाही तर निदान खोबऱ्याची वाटी तरी नेतात. म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. कांता म्हणाली, हो, रिकाम्याच. इथं काहीच गळून नाई राहिलं, असं सांगा त्याईले.

पेढा हातात धरून घरात आलो. तिचं बरोबर आहे. तिला लेकीला महिनाभर स्वतःच्या घरात ठेवायचं होतं, एवढंच. बाकी काही मागितलं नव्हतं तिने.

२७ मे, शुक्रवार, सकाळी सहा

चंद्रपूरची एस.टी. अजून सुटायची आहे. खिडकीजवळ जागा मिळाली, काच खालपर्यंत उघडी आहे.

काही आणलं नाही. फक्त हात. रविवारचं डांबर निघालेलं नाही. साबण लावला, खोबरेल लावलं, वाळू लावली. रॉकेल नाही, ते पातेल्यात गेलं. तळव्याच्या रेषांत आणि नखांच्या कडेला काळं बसलंय. टाकीला एवढं चिकटलं नव्हतं.

शेजारी एक बाई तान्हं मूल घेऊन बसलीय. तिकीट काढायला पैसे काढायचे म्हणून तिने मूल माझ्याकडे देण्यासाठी पुढे केलं, माझ्या हातांकडे पाहिलं, आणि पुन्हा स्वतःकडे घेतलं.

चंद्रपूरला बाळ माझ्या हातात देतील, की लांबून दाखवतील?